पाकिटातली खसखस

नमस्कार श्रोतेहो.

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे, आणि सरकारी पाळतीचा विषय निघाला की कोणी ना कोणी ती हमखास पुढे करतो. फोन ऐकत असतील तर ऐकू देत, पत्रे वाचत असतील तर वाचू देत, ज्याच्या मनात पाप नाही त्याचे काय बिघडणार आहे, असा तो युक्तिवाद असतो. मला तो पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी मी आपल्याला १८४४ सालच्या लंडनमध्ये घेऊन जाणार आहे, कारण पाळत म्हणजे काय हे मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा या एका हकिकतीने अधिक स्पष्टपणे शिकवले आहे.

जोसेफ मॅझिनी हे नाव मराठी वाचकांना परके नाही. इटलीच्या तुकड्यांचे मिळून एक प्रजासत्ताक राष्ट्र व्हावे, या ध्यासापायी देशोधडीला लागलेला हा माणूस १८३७ साली लंडनमध्ये आश्रयाला आला. उत्तर इटलीतल्या मोठ्या प्रदेशावर तेव्हा ऑस्ट्रियाची सत्ता होती, त्यामुळे व्हिएन्नाच्या राज्यकर्त्यांना तो अत्यंत धोक्याचा वाटे. त्याचे सारे कार्य पत्रांवर चाले. इटलीत, फ्रान्समध्ये, माल्टा बेटावर विखुरलेले सहकारी आणि लंडनच्या भाड्याच्या खोलीत बसलेला तो, यांच्यामध्ये टपालाखेरीज दुसरा धागाच नव्हता.

१८४४ च्या पूर्वार्धात त्याच्या लक्षात आले की आपली पत्रे उशिरा येत आहेत. उशीर फार नव्हता, दोनएक तासांचा असे. पण टपालाचे शिक्के तो बारकाईने पाहू लागला, तेव्हा त्याला दिसले की वेळेच्या एका शिक्क्यावर दुसरा शिक्का मारलेला आहे, म्हणजे मधे गेलेला वेळ कोणीतरी झाकू पाहत आहे. मग त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक साधी परीक्षा घेतली. त्याच्याच पत्त्यावर टाकायच्या पत्रांच्या घडीत त्यांनी खसखशीचे काही दाणे ठेवले, कुठे वाळूचे कण ठेवले, कुठे डोक्याचा एखादा केस ठेवला आणि पाकिटे नीट बंद करून टपालात टाकली.

पत्रे आली. मोहोर जागच्या जागी होती, कागदाची घडी पूर्वीसारखीच होती, अक्षराला कोणी बोट लावलेले दिसत नव्हते. फक्त आतली खसखस नाहीशी झालेली होती.

श्रोतेहो, ज्या माणसाने टपाल कचेरीच्या बंद खोलीत ते पाकीट उघडले असेल, त्याचा क्षणभर विचार करा. तो कामात वाकबगार होता. लाखेच्या मोहोरेचा आधी ठसा घ्यायचा, मग ती सोडवायची आणि वाचून झाल्यावर त्या ठशावरून तशीच मोहोर पुन्हा उठवायची, किंवा गोंदाच्या चकतीने चिकटवलेले पाकीट ओलाव्याने हळूच सोडवायचे, ही पिढ्यान्पिढ्या मुरलेली विद्या होती. त्याला मोहोर पुन्हा करता आली, घडी पुन्हा करता आली. जमिनीवर सांडलेली खसखस मात्र त्याला दिसलीच नाही, कारण पत्रात काही लिहिलेले असते हे त्याला ठाऊक होते, पण पत्र लिहिणारा आपल्यालाच पाहत असेल ही कल्पना त्याच्या मनाला शिवलेली नव्हती.

आणि माझा सगळा मुद्दा इथे आहे, म्हणून मी तो पुन्हा सांगतो. ज्या हाताने पत्र उघडले, त्याच हाताने ते पुन्हा चिकटवले. सरकारचे कृत्य जर सरळ आणि निर्मळ होते, तर 'हे पत्र आम्ही वाचले आहे' असा एक शिक्का त्यावर मारून ते देता आले असते. तसे झाले नाही. वेळेच्या शिक्क्यावर शिक्का मारला गेला, खोटी मोहोर उठवली गेली. ज्याने कर केला होता त्यालाच डर होते, आणि ज्याला आपण संशयित म्हणतो तो मात्र पुरावा गोळा करून उघडपणे संसदेच्या दारात जाऊन उभा राहिला.

१४ जून १८४४ रोजी टॉमस डंकोम्ब या खासदाराने त्याचा अर्ज ब्रिटिश संसदेत मांडला. त्यावर मॅझिनीबरोबर विल्यम लव्हेट आणि विल्यम जेम्स लिंटन या दोन इंग्रजांच्याही सह्या होत्या. लव्हेट हा सामान्य माणसाला मताधिकार मिळावा म्हणून तुरुंगात जाऊन आलेला कार्यकर्ता आणि लिंटन हा लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम उत्तर द्यायला उठले आणि त्यांनी एवढेच सांगितले की राणी ॲनच्या काळापासून, म्हणजे १७११ पासून, कायद्याने मंत्र्याला पत्रे उघडण्याचे वॉरंट, म्हणजे लेखी हुकूम, काढता येते. याहून अधिक काही सांगायला त्यांनी नकार दिला. वॉरंट १ मार्चला निघाले होते आणि अर्ज संसदेत येण्याच्या काही दिवस आधीच ते मागे घेतले गेले होते, हे पुढे चौकशीत उघड झाले.

लोक खवळले. मॅझिनीचे राजकारण न मानणारेही त्याच्या बाजूने उभे राहिले. टॉमस कार्लाइलचे आणि मॅझिनीचे विचार मुळीच जुळत नव्हते, तरी त्याने 'द टाइम्स' या वृत्तपत्राला पत्र लिहून दुसऱ्याची पत्रे उघडणे हे खिसा कापण्याच्या अगदी जवळचे कृत्य आहे असे बजावले. सामान्य माणसे आपल्या पाकिटांवर 'याचे ग्रॅहम करू नये' अशा अर्थाची वाक्ये लिहू लागली, आणि एका जबाबदार मंत्र्याचे आडनाव काही काळ चोरून पत्र वाचण्याचे क्रियापद होऊन बसले.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक भयंकर गोष्ट घडली. आत्तिलिओ आणि एमिलिओ बांदिएरा हे दोघे भाऊ ऑस्ट्रियाच्या आरमारातील नोकरी सोडून इटलीच्या मुक्तीसाठी मूठभर साथीदारांसह कालाब्रियाच्या किनाऱ्यावर उतरले, पकडले गेले आणि २५ जुलै रोजी गोळ्या घालून मारले गेले. मॅझिनीशी त्यांचा पत्रव्यवहार होता, त्यामुळे लंडनमध्ये उघडलेल्या पत्रांनीच त्यांचा घात केला असे असंख्य लोकांनी मानले. त्यांच्यातल्याच एका साथीदाराने दगा दिला होता, हे खरे आहे, आणि सगळा दोष त्या पत्रांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु पत्रांतून निघालेली काही माहिती, नावे गाळून, परकीय दरबारापर्यंत पोहोचवली गेली होती, हेही तितकेच खरे आहे. एकदा पत्र उघडले गेले की त्यातला मजकूर कोणाच्या हाती जाईल, यावर लिहिणाऱ्याचा ताबा उरत नाही.

दोन्ही सभागृहांनी चौकशी समित्या नेमल्या. त्यांची कामेही बंद दाराआड चालली. ऑगस्टमध्ये अहवाल आले आणि त्यातून असे दिसले की टपाल खात्यात परदेशी वकिलातींची पत्रे उघडणारी एक गुप्त कचेरी कित्येक वर्षे चालत होती, आणि सांकेतिक लिपी उलगडणारी दुसरी शाखा तिच्या जोडीला होती. त्याच वर्षी दोन्ही बंद केल्या गेल्या. वॉरंटचा अधिकार मात्र तसाच राहिला.

मी या एका गोष्टीला अर्धा वेळ दिला, कारण पुढचे सगळे तिच्यातच आहे.

गुपित ठेवण्याची ओढ ही अपराधाची खूण आहे, असे आपल्याला शिकवले जाते. आपली भाषा मात्र तसे म्हणत नाही. 'गुप्त' हा शब्द संस्कृतातल्या ज्या 'गुप्' धातूपासून आला, त्याचा अर्थ राखणे, सांभाळणे असा आहे. गुरे राखणाऱ्या 'गोप' या शब्दाशीही त्याचे नाते सांगतात. म्हणजे गुप्त ते, जे कोणीतरी सांभाळले आहे. आजाराचे नाव, मोडलेले लग्न, देवावरचा उडालेला विश्वास, अजून कोणाला न दाखवलेली कविता, यांत लाज वाटण्यासारखे काही नसते, पण या गोष्टी सांभाळायच्या असतात आणि त्या कोणाला, केव्हा सांगायच्या हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. जाता जाता एक सांगतो, आणि ते अनेक आईवडिलांना आवडणार नाही. मुलाची रोजनिशी प्रेमापोटी, काळजीपोटी चोरून वाचणे हेही पत्र उघडणेच आहे. तिथेही वही वाचून झाल्यावर जशी होती तशीच जागेवर ठेवली जाते, आणि ते चुकीचे आहे याची कबुली त्या ठेवण्यातच असते.

'पारदर्शकता' हा शब्दही अलीकडे सरसकट सगळ्यांना लावला जातो, आणि मला तो फार खटकतो. पारदर्शक असावे ते सरकारने, कारण त्याच्या हाती तुरुंग आहे, पोलीस आहेत, करांचा पैसा आहे. व्यक्तीच्या हाती यांतले काहीच नसते, म्हणून तिला पडदा हवा.

सरकारला कधीच कोणाचे ऐकण्याचा अधिकार नसावा, असे मी म्हणत नाही. एखाद्याचे अपहरण झाले असेल, कुठे स्फोटाचा कट शिजत असेल, तर तपास करणाऱ्याला ते ऐकावेच लागेल. परंतु तिथे एक नाव असावे, एक कारण असावे, एक मुदत असावी, आणि मंत्र्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो न्यायाधीशाने, ते कारण तपासलेले असावे. १८४४ च्या अहवालात १७९९ पासूनच्या पंचेचाळीसेक वर्षांत ३७२ वॉरंटे निघाल्याची नोंद आहे. वर्षाला आठ-नऊ. त्या काळी पत्र उघडायला माणसाचा हात लागे, आणि हात थोडे होते.

पूर्व जर्मनीने हात वाढवून पाहिले. सुमारे एक कोटी साठ लाख लोकांच्या त्या देशात १९८९ साली श्टाझी या गुप्त पोलीस खात्याचे ९० हजारांहून अधिक पगारी नोकर होते, आणि त्याहून कितीतरी अधिक खबरे होते. १९९२ पासून लोकांना स्वतःच्या फायली पाहता येऊ लागल्या, तेव्हा आपल्याविषयी खबर देणारा आपला मित्र होता, नातलग होता, एखाद-दुसऱ्या घरात तर नवराच होता, हे त्यांना त्या कागदांतून कळले. उरलेल्या फायली रांगेत लावल्या तर शंभर किलोमीटरहून लांब होतात.

आज हातांची गरज उरलेली नाही. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन याने कागदपत्रे उघड केली, तेव्हा जगाला कळले की अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था कोट्यवधी सामान्य लोकांच्या फोनच्या नोंदी रोजच्या रोज गोळा करत होती. बोलणे नव्हे, केवळ नोंदी घेतल्या जात होत्या, असे समर्थन तेव्हा केले गेले. आता मॅझिनीचे पाकीट आठवा. त्याला सत्य कळले ते आधी कुठून? मजकुरातून नव्हे, पाकिटाच्या बाहेरच्या शिक्क्यावरून. कोणी कोणाला, केव्हा, कुठून आणि किती वेळ फोन केला, एवढे बाहेरचे शिक्के हाती असले की आतले पत्र वाचण्याची गरज फारशी उरत नाही. कर्करोगतज्ज्ञाला केलेला फोन, त्यानंतर लगेच भावाला केलेला फोन, आणि मग वकिलाला केलेला फोन, या तिन्हींत काय बोलणे झाले असेल हे आपण सर्वजण सांगू शकतो.

फरक आणखी एक आहे. आज पत्र पुन्हा चिकटवावे लागत नाही, कारण ते उघडल्याचे कुठे दिसतच नाही. ज्या हाताने पत्र उघडले, त्याच हाताने ते पुन्हा चिकटवले, असे आपण त्या लंडनच्या कारकुनाविषयी म्हणू शकलो, कारण तिथे खसखस सांडली. संगणकाने केलेल्या नकलेतून काहीच सांडत नाही. मूळ जागच्या जागी राहते आणि प्रत दुसरीकडे जाते. म्हणून नागरिकाने स्वतः पाकिटात दाणे ठेवण्याचे दिवस गेले. ते दाणे आता कायद्यात ठेवावे लागतील. पाळत संपल्यावर ज्याच्यावर ती होती त्याला तसे कळवण्याचे बंधन आणि वॉरंटांची संख्या दरवर्षी जाहीर करण्याचे बंधन, ही त्याची साधी रूपे आहेत. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यातील बाराव्या कलमात कुटुंब आणि घर यांच्या शेजारी 'पत्रव्यवहार' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे.

शेवटी रेडिओविषयी थोडे बोलतो, कारण हे माध्यम मला या बाबतीत फार जवळचे वाटते. १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, नाझी जर्मनीने परदेशी केंद्रे ऐकणे हा गुन्हा ठरवला आणि तशी ताकीद देणारे पुठ्ठ्याचे तुकडे रेडिओ संचांवर लावायला दिले. तरीही लोक पांघरुणाखाली, आवाज अगदी बारीक करून लंडनच्या बातम्या ऐकत राहिले. कोण काय ऐकत आहे, याची नोंद रेडिओ संच कुठेही पाठवत नव्हता, त्यामुळे पोलिसांना मुख्यतः शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चुगल्यांवर विसंबून राहावे लागले.

आपल्यापैकी जे श्रोते आता रेडिओ संचावर हे भाषण ऐकत आहेत, त्यांच्याविषयी मला काहीही कळणार नाही. आपण कुठे बसला आहात, कोणत्या वाक्याला मान हलवली, कोणत्या वाक्याला कंटाळून बटण फिरवले, यांतले काहीही कुठे लिहिले जात नाही. जे हेच भाषण फोनवर, इंटरनेटवरून ऐकत आहेत, त्यांनी ते केव्हा सुरू केले आणि कुठे थांबवले, याची नोंद मात्र कुठल्यातरी संगणकात या क्षणी होत असू शकते. मला ती नोंद नको आहे, आणि ज्याला ती हवी असेल त्याने आधी न्यायाधीशापुढे उभे राहून कारण सांगावे, असे मला मनापासून वाटते.

नमस्कार.