फॉर्मवरचा दुसरा रकाना

व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापलाय ‘ग्रामीण स्त्री : प्रजनन आरोग्य आणि हक्क’. त्याकडे येतेच, पण आधी एका सहीबद्दल बोलायचंय. एवढ्या उकाड्यात तुम्ही गंगेवर, आपल्या गोदाकाठी, आलात, पुढच्या रांगेत सासवा-सुना शेजारी बसल्यात, म्हणून मोकळेपणाने बोलते.

मी नवखी डॉक्टर होते, इथल्याच एका दवाखान्यात. सुरगाण्याकडची एक बाई आली, चाळिशीची. दिंडोरीला द्राक्षबागेत टोळीबरोबर कामाला. तीन महिने अंगावरून लाल जात होतं, पण कुणाजवळ बोलली नव्हती. विरळणीचे दिवस, एक खाडा पडला की उचलीतून पैसे कापतात. कापडाची घडी बदलायला बागेत आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. हे मला बायका आजही सांगतात. फवारणीला टँकरने पाणी येतं, आडोशाला चार पत्रे उभे राहत नाहीत! माझा जीव तुटतो हे ऐकताना.

तिचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सहावर आलेलं. पिशवी साफ करून तुकडा तपासायला पाठवायचा, एवढंच काम होतं. काउंटरवर संमतीच्या फॉर्मवर तिने अंगठा उठवला. तिथला माणूस म्हणाला, खालच्या रकान्यात नवऱ्याची सही लागते, त्यांना आणा. नवरा दुसऱ्या टोळीत, निफाडला. तेव्हा मोबाइल कुठले? पदराच्या टोकाला बोटाची निळी शाई पुसत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मंग माझा आंगठा कशाला घेतला?”

मी तिला म्हणाले, “घेऊन या त्यांना.” काउंटरवरच्या माणसाचं सोडा, मी स्वतः तिला परत पाठवलं.

पाचव्या दिवशी तिला जीपमधून आडवी आणली. रक्त साडेतीन. बाटल्या चढवल्या, वाचली. नवरा भेदरून भिंतीला टेकला होता. त्याच्यापुढे फॉर्म धरला तर म्हणाला, “दुखणं तिचं, मी काय लिहून देऊ?”

‘अंगावरून जातं’, ‘अंग बाहेर येतं’ असं बायका बोलतात, तेही डॉक्टरीणबाई असेल तर. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली, म्हणजे...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. कर्वे राहू देत, कायद्याचं सांगते, लिहून घ्या.

गर्भपाताचा कायदा १९७१चा. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती पुरते. ती अठरा वर्षांखालची किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची लागते. नवऱ्याचा त्यात उल्लेखच नाही. २०२१च्या दुरुस्तीने ठरावीक कारणांसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही सरकारी नियमांत जोडीदाराची संमती लागत नाही.

आणि पिशवी काढणं? दिल्लीत ४४ वर्षांच्या एका बाईची दुर्बिणीतून तपासणी चालू होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन पिशवी आणि बीजकोश काढले. जिवाचा धोका नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की आईची संमती चालणार नाही, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारायला हवं होतं. सख्ख्या आईची चालत नाही, तर नवऱ्याची कुठून चालेल?

समोर डॉक्टर मंडळी दिसतायत, म्हणून हात जोडून मागते. उद्या ओपीडीआधी काउंटरवरचा फॉर्मचा गठ्ठा काढा. खाली ‘पती / पालक’ छापलं असेल, तर पुढच्या छपाईत ‘पती’ हा शब्द काढून टाका. आणि तोवर कुणी बाई एकटी आली, तर तिचा अंगठा घ्या आणि तिला आत घ्या.

घंटा झाली. थांबते.