सातबाऱ्याची तारीख आणि क्लिपबोर्डची गिरणी

मंडळी, पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, पण सांगायचंय ते एवढंच: कॉपी आणि पेस्ट यांच्यामध्ये एक गिरणी बसवता येते. डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, घालण्यासाठी तीनशे खाते नंबर एक्सेलमधून उचलायचे, दर ओळीला दोन्हीकडून अवतरणचिन्ह लावायचं, शेवटी स्वल्पविराम द्यायचा, हे हातानं करण्याचं काम नाही. कॉपीक्यू (कॉपी केलेलं सांभाळणारं साधन) किंवा ऑटोहॉटकी (शॉर्टकटवर कामं करून घेणारं साधन) यांमध्ये त्याची दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची यादी, होते, आणि एका शॉर्टकटवर बसते.

आता गिरणीचंच घ्या. कळण्याचं दळण टाकण्याआधी आपण विचारतो, "भाऊ, आधी काय दळलं?" कारण आधीचं पीठ जात्यात अडकलेलं असतं. क्लिपबोर्डचंही, म्हणजे कॉपी केलेलं जिथं थांबतं त्या जागेचंही, तसंच. कंट्रोल-सी पोचलं नाही तर आत मागचाच मजकूर असतो, आणि स्क्रिप्ट तोच इमानदारीनं दळून देते. म्हणून ऑटोहॉटकीत पहिल्या ओळीत क्लिपबोर्ड रिकामा करायचा, दुसरीत कॉपी पाठवायची, तिसरीत 'क्लिपवेट' या आज्ञेनं मजकूर येईपर्यंत फार तर एक सेकंद थांबायचं. काही आलं नाही तर तिथंच बाहेर पडायचं.

पण गिरणीत येणारं धान्यच किडकं असेल तर? इथं थोडं रागावून बोलतो. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांची यादी एक्सेलात भरली जाते. गट नंबर टाकला 12/1. एक्सेल म्हणतं, ही तर तारीख! संगणकाची तारखेची पद्धत भारतीय असेल तर झाली 12 जानेवारी, अमेरिकी असेल तर 1 डिसेंबर. अहो, त्याला सातबारासुद्धा तारीखच वाटते. 7/12 टाकून बघा घरी गेल्यावर. (तुम्ही हसताय, पण तलाठी आप्पा हसणार नाहीत.) कॉपी केल्यावर क्लिपबोर्डवर मजकूर म्हणून दिसतं तेच येतं, म्हणजे तारीखच. तशीच गत सोळा आकडी खाते नंबरची: एक्सेल पंधराच आकडे धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसवतं. सुरुवातीची शून्यं तर आधीच गेलेली असतात. हे स्क्रिप्टनं दुरुस्त करू नये. तिनं ओळ नंबर दाखवून थांबावं. कॉलम आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मग माहिती भरायची. उलट क्रमानं केलं तर गेलेला आकडा परत येत नाही.

बँकेच्या शाखेचा कोड, आयएफएससी, मात्र तपासता येतो. अकरा अक्षरं, पाचवं कायम शून्य. तिथं लोक इंग्रजी 'ओ' मारतात. स्क्रिप्टला एक अट पुरते.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. चहा आलाय म्हणे. बरं, मूळ विषय पळतच सांगतो.

यादीची स्क्रिप्ट अशी: मजकूर ओळींवर तोडा, विंडोजची ओळ दोन चिन्हांनी संपते हे धरून. कडेच्या मोकळ्या जागा काढा. वेबपेजवरून आलेली न तुटणारी जागा दिसते स्पेससारखी, पण अक्षर वेगळं, तीही काढा. रिकाम्या ओळी टाकून द्या. आतलं एकेरी अवतरणचिन्ह दुप्पट करा, नाहीतर दुकानाच्या इंग्रजी नावातला एक ॲपॉस्ट्रॉफी सगळी क्वेरी मोडतो. मग स्वल्पविरामानं जोडा. डेटाबेसच्या निकालाच्या तक्त्यातून आलेला 'नल' (इथं काहीच नाही, अशी खूण) हा कॉपी झाल्यावर नुसता शब्दच असतो, त्याला अवतरणात घालू नका. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसात ओळी भरायच्या 'इन्सर्ट व्हॅल्यूज' आज्ञेला एका वेळी 1000 ओळींचीच मुभा आहे, ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसाच्या जुन्या आवृत्त्यांत शोधायच्या 'इन'च्या यादीलाही तितक्याच नोंदींची. म्हणून हजाराहजाराचे तुकडे पाडा.

देवनागरी असेल तर एसक्यूएल सर्व्हरवर अवतरणाआधी 'एन' लावा. नाहीतर नेहमीच्या कोलेशनमध्ये (डेटाबेसची अक्षरं साठवायची-जुळवायची पद्धत) धुळ्याची चार प्रश्नचिन्हं होतात, जळगावची पाच, नंदुरबारची आठ, कारण मात्रा-अनुस्वारही मोजले जातात. चूक कुठंच दाखवली जात नाही. शोधताना शून्य ओळी मिळतात, साठवताना प्रश्नचिन्हंच कायमची साठतात.

जाता जाता एक. कॉपीक्यूसारखी क्लिपबोर्डची साधनं कॉपी केलेल्याचा इतिहास साठवतात. डिट्टो हे तसंच साधन तर स्वतःच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलीत. डेटाबेसचा पासवर्ड कॉपी केला की तोही तिथं जातो. पासवर्डच्या प्रोग्रॅमचं किंवा खिडकीचं नाव वगळण्याच्या यादीत घाला, आजच. चला, चहा.