मेयोतले शलगम

नमस्कार मंडळी. आज आयर्लंडला जायचंय, साल १८७९. पिकं गेलीयत, बटाटा कुजलाय, आणि कुळं जमीनदाराला म्हणतायत की मालक, यंदा खंडात सूट द्या. मायकेल डॅव्हिट, लहानपणी ज्याच्या घरच्यांना जमिनीवरून हाकललं होतं, तो मेयोत, म्हणजे पश्चिम आयर्लंडातल्या एका परगण्यात, सभा घेतोय, मग ऑक्टोबरात लँड लीग, म्हणजे कुळांची संघटना निघाली, अध्यक्ष पार्नेल, आयरिश पुढारी. शाळेत आपल्याला राण्यांच्या तारखा पाठ करायला लावतात पण खंड कोण किती घ्यायचा ते कोणी शिकवत नाही, हे माझं जुनंच रडगाणं आहे, असो.

तर कॅप्टन बॉयकॉट. हो हो, तोच, ज्याच्या नावावरून बहिष्काराला ‘बॉयकॉट’ म्हणतात. लॉर्ड अर्नचा कारभारी, राहायला लॉक मास्क तळ्याकाठी. १८८० मध्ये कुळं म्हणाली २५ टक्के सूट द्या, मालक म्हणाला १०. सप्टेंबरात हाकलायच्या नोटिसा घेऊन माणूस आला तर बायकांनी चिखल आणि शेण मारून पळवला. त्याच्या थोडंच आधी पार्नेल एनिसच्या सभेत बोललेला, की हाकललेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, वाळीत टाका. मेयोवाल्यांनी तेच औषध कारभाऱ्याला दिलं. गडी गेले, मोलकरणी गेल्या, लोहार घोड्याला नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार सामान देईना, टपाल आणणारा पोरगा पण येईना. आणि बटाटे, शलगम सगळे जमिनीतच! (शलगम मला लोणच्यातसुद्धा चालत नाही, पण साहेबांचा जीव त्यात अडकला होता.)

नोव्हेंबरात पीक काढायला कॅव्हन-मोनाहन या परगण्यांकडून ५० प्रॉटेस्टंट मजूर आणले, आणि त्यांना सांभाळायला हजारेक शिपाई नि पोलीस, भर पावसात तंबू ठोकून. पीक साधारण ५०० पौंडांचं, खर्च म्हणे १०,००० च्या घरात. परत ऐका, ५०० चं पीक, १०,००० खर्च. पार्नेल म्हणाला, सरकारला एकेक शलगम एका शिलिंगला पडला.

महिनाअखेर साहेब बायकोसकट डब्लिनला गेले, तिथं हॉटेलवाल्याला धमकीचं पत्र आलं, म्हणून गेले इंग्लंडला.

वेळ संपत आलाय, म्हणून पटकन सांगते. आयर्लंडवर तेव्हा ब्रिटिशांचं राज्य, म्हणून १८८१ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनला कायदा करावा लागला: वाजवी खंड कोर्ट ठरवणार, खंड भरतोय त्या कुळाला हाकलायचं नाही, आणि कुळाला आपला हक्क विकता येणार. जमीन स्वतःच्या नावावर होणं मात्र बहुतेकांना १९०३ च्या कायद्यानंतर जमलं, तेही सरकारी कर्ज काढून, हप्त्या-हप्त्यानं.