थाप पडण्याआधी

(दृश्य : अमरावती जिल्हा, तिवसा तालुका. दिवेलागण. गावातलं प्रार्थना मंदिर, सतरंजीवर पेटी, तबला, खंजिरी.)

सामुदायिक प्रार्थना आत्ताच संपली. मोठी माणसं कपाशीच्या भावाचं बोलत बाहेर पडली. पाच-सहा पोरं तेवढी सतरंजीवर रेंगाळली आहेत, कारण आज मी त्यांना मोबाइलवर काहीतरी दाखवणार आहे.

पडद्यावर नॉर्वेतल्या ओस्लो शहराचा वाद्यवृंद. व्हायोलिनांच्या रांगा, मागे पितळी वाद्यं, त्याच्याही मागे मोठे नगारे. मधोमध काळ्या कपड्यातला एक सडपातळ तरुण, हातात बारीकशी काडी.

"हा पोट्टा काय वाजवते, काका?" सातवीतली एक मुलगी विचारते.

तो काहीच वाजवत नाही, सगळ्यांना मिळून वाजवायला लावतो. तो संचालक. त्याचं नाव क्लाउस मॅकेला. 1996 साली फिनलंडच्या हेलसिंकीत जन्मला, आणि आज जगातले मोठमोठे वाद्यवृंद त्याला मागून घेत आहेत.

आपल्या गावात ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला सिनेगीतांचा कार्यक्रम. हा प्रकार वेगळा. इथे प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाट्याचे स्वर लिहिलेले असतात. बासरीवाल्याच्या कागदावर नगारा नसतो. सगळ्यांचे स्वर एकाखाली एक मांडलेली जाड वही असते ती संचालकापुढे. उजव्या हाताने तो लय देतो. डाव्याने सांगतो, आता तुम्ही या, आता दबून वाजवा. पण खरं काम त्याआधीच झालेलं असतं. पहिला स्वर निघण्यापूर्वी त्याचा हात वर उठतो, तो स्वतः श्वास घेतो, आणि त्या उठण्यातच पुढची लय ठरते. हात संथ उठला तर वाजवणं संथ, झटक्यात उठला तर झटक्यात.

(दृश्य : भजनी मंडळ. बुवांची मान, टाळकऱ्यांचे चेहरे.)

आमच्या मंडळाचे बुवा खंजिरीवर थाप देण्याआधी मान किंचित वर करतात. टाळकरी नेमका तेव्हाच दम घेतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

आणि ती शांतता! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं मौन उभी राहतात. मी त्या गर्दीत उभा राहिलो आहे. कडेवरची लेकरंसुद्धा आईच्या तोंडाकडे बघत गप्प होतात. मॅकेलाचा हात वर थांबतो तेव्हा ओस्लोच्या त्या सभागृहात जे पसरतं, ते मला फार ओळखीचं वाटलं.

क्लाउसचे वडील चेलो वाजवतात, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, आई पियानो. तोही चेलोच शिकला. लहानपणी फिनलंडच्या राष्ट्रीय ऑपेरात मुलांच्या समूहात गायला, आणि तिथेच संचालकाच्या कामाची ओढ लागली. मग वयाच्या बाराव्या वर्षी हेलसिंकीतल्या सिबेलियस अकादमी या संगीत विद्यालयात तो योर्मा पानुला या गुरूंपुढे जाऊन उभा राहिला. पानुला तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांची शिकवण्याची तऱ्हा मला फार आवडते. वर्गात वादक बसलेले असतात. विद्यार्थ्याने उठायचं आणि त्यांना वाजवायला लावायचं. त्याचं चित्रण होतं, नंतर सगळे मिळून ते बघतात. गुरुजी मोजकं बोलतात. आपला हात कुठे अडखळला ते पोराला पडद्यावर आपलं आपणच दिसतं.

बाराव्या वर्षी. हीच गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. 2018 पासून स्वीडिश रेडिओच्या वाद्यवृंदाचा प्रमुख पाहुणा संचालक. 2020 मध्ये, चोविसाव्या वर्षी, ओस्लोचा मुख्य संचालक. 2021 पासून पॅरिस. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंदाने त्याची निवड जाहीर केली, 2024 मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाने. पहिला वाद्यवृंद 1888 साली सुरू झालेला, दुसरा 1891 साली. दोन्हींची सूत्रं 2027 पासून, म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षी. काही समीक्षक विचारतात, इतक्या लवकर इतकं? एका माणसाने दोन खंडांवर दोन घरं कशी सांभाळायची? शंका रास्त आहे. संगीत मुरायला वेळ लागतो, हे कोणताही बुवा सांगेल. पण आघाडीवर उभं राहिल्याशिवाय ते मुरायचं तरी कसं?

फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. आपल्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत दोन कोटींहून जास्त माणसं राहतात. फिनलंडमध्ये संगीतशाळांना सरकार पैसा देतं, म्हणून लहान गावातलं पोरही शिकतं. आमच्या पोरांच्या हातात सातव्या वर्षी टाळ येतो. बाराव्या वर्षापर्यंत अख्खं भजन पाठ असतं, कुठे चढायचं, कुठे उतरायचं सगळं ठाऊक असतं. आणि ती मागच्याच रांगेत बसून राहतात. मीही बसलो. केस पांढरे व्हायला आले, पुढे ये असं कोणी म्हटलं नाही.

(दृश्य : दारात बुवा. विसरलेला दुपट्टा घ्यायला परत आलेले.)

बुवा उभ्या उभ्याच मोबाइल बघतात. बराच वेळ. मग खाली वाकून खंजिरी उचलतात आणि त्या सातवीतल्या मुलीपुढे धरतात.

"घे वं माय. तू दे थाप."

"मी कशी देऊ, आबाजी?"

बुवा काही बोलत नाहीत. मागे जाऊन टाळकऱ्यांच्या रांगेत मांडी घालून बसतात, एका पोराच्या हातातला टाळ घेतात.

पहिली थाप घाईने पडते. टाळ विखुरतात, पेटी मागे राहते, एक पोरगा हसतो. मुलगी खंजिरीवर तळवा ठेवून आवाज बंद करते.

"थांबा. वापस घेऊ."

ती सगळ्यांकडे बघते. बुवांकडेही. मान हळूच वर उठते, आणि रांगेतले सगळे दम घेतात.