डर्बीची बाग : आधी दान, मग खुली

इंग्लंडमधलं डर्बी, साल १८४०. गिरण्यांचं शहर. रेल्वे येऊन जेमतेम वर्ष झालेलं. दिवसभर यंत्रापाशी उभं राहणाऱ्या माणसाला मुलाबाळांसह पाय मोकळे करायला हक्काची अशी हिरवी जागा नव्हती.

जोसेफ स्ट्रट हे इथलेच कापडगिरणीचे मालक, शहराचे माजी महापौर. आपली सुमारे ११ एकर जमीन त्यांनी बागेसाठी शहराला दिली. ज्यांच्या कष्टांमुळे संपत्ती मिळाली, त्यांच्या भल्यासाठी तिचा काही वाटा न देणं कृतघ्नपणाचं ठरेल, असं ते म्हणाले. त्या काळच्या गिरणीमालकानं हे चारचौघांत कबूल करावं, याचं मोल मला जमिनीइतकंच वाटतं.

आखणी केली जॉन क्लॉडियस लाउडन यांनी. काचघरांची बाग सांभाळणं शहराला परवडणार नाही, हे ओळखून त्यांनी झाडांचाच संग्रह सुचवला. हजाराहून अधिक प्रकारची झाडं-झुडपं लागली. झाडाचं नाव काय, मूळ देश कोणता, हे सांगणाऱ्या पाट्या लागल्या. ज्यानं कधी शहराची वेस ओलांडली नाही, त्यानं इथे दूरदेशीचं झाड हात लावून पाहावं!

आणि हे मातीचे उंचवटे नीट पाहा. जागा सपाट होती, बेताची होती. उंचवट्यांमुळे एका वाटेवरून शेजारची वाट दिसत नाही, चालणाऱ्याला बाग संपतच नाही असं वाटतं. लाउडन यांची ही करामत आजही शाबूत आहे. स्ट्रट यांच्या घरच्या बागेतून आणलेला रानडुकराचा पुतळा मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेला. त्याच्या जागी २००५ मध्ये नवा बसवला.

१६ सप्टेंबर १८४० रोजी बाग शहराच्या हवाली झाली. पण जमिनीबरोबर देखभालीसाठी कायमचा निधी मिळाला नव्हता. माळ्यांचा पगार, कुंपण, छाटणी, पैसा आणायचा कुठून? तिकीट लागलं. आठवड्यातले दोनच दिवस मोफत, रविवार आणि बुधवार. बुधवारी गिरण्या चालूच असत. म्हणजे ज्याच्यासाठी बाग केली, त्याच्या वाट्याला खरा एक रविवारच आला.

स्ट्रट १८४४ मध्ये वारले. तिकीट बंद झालं १८८२ मध्ये, तब्बल ४२ वर्षांनी. बागेच्या इतिहासात १८४० हे साल सगळे सांगतात. माझ्या लेखी १८८२ चा मान तेवढाच मोठा आहे.