काफियाचा लांबटांग्या

(ओहोटी. ओला वालुकाश्म. फक्त वाऱ्याचा आवाज.)

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पश्चिम किनाऱ्याला काफिया नावाचं बंदर आहे. गझलेतला काफिया नव्हे, हे माओरी नाव.

२००६ च्या जानेवारीत हॅमिल्टनच्या निसर्ग मंडळातली शाळकरी मुलं इथं जीवाश्म शोधायला आली. शंखशिंपले सापडतील, फार तर. सापडला एक पेंग्विन. निम्मा दगडात रुतलेला, वर रोज भरतीचा मार.

मुलांनी तो जपून सोडवला. २०१७ मध्ये वायकाटो संग्रहालयाला दिला. नाव मिळायला २०२१ उजाडलं. तोवर ती मुलं मोठी झाली होती. नाव ठेवलं काइरुकू वाएवाएरोआ. वाएवाए म्हणजे पाय, रोआ म्हणजे लांब. सरळ मराठीत सांगायचं तर लांबटांग्या!

उंची सुमारे १.४ मीटर. दहा वर्षांच्या पोराशेजारी उभा केला, तर डोक्याला डोकं लागलं असतं. तीन कोटी वर्षांपूर्वी, वायकाटोचा बराचसा भाग पाण्याखाली असताना, तो इथं पोहत होता.

(दक्षिण बेट. ओटागोचा किनारा, गोल धोंडे.)

पण धिप्पाडपणात याचाही बाप होता. ओटागोच्या किनाऱ्यावरच्या धोंड्यांतून निघालेला कुमिमानू फोर्डायसी, २०२३ साली जाहीर झालेला. वजन दीडशे किलोच्या आसपास. आजचा सगळ्यात मोठा एम्परर पेंग्विन चाळिशीत धापा टाकतो! अर्थात दीडशेचा आकडा जरा जपूनच घ्यावा. अख्खा पक्षी कुणी तोललेला नाही, पंखाच्या हाडावरून बांधलेला अंदाज आहे.

हा पक्षी ५.७ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर संपून जेमतेम एक कोटी वर्षं झालेली. त्यांच्याबरोबर समुद्रातले अजस्र शिकारी सरडेही गेले होते, आणि देवमासे, सील अजून यायचे होते. मैदान मोकळं. थोराड अंगाला ऊब धरून ठेवता येते, दम जास्त वेळ पुरतो, बुडीही खोल मारता येते. मग वाढले.

पुढे सील आणि दातवाले देवमासे त्याच माशांवर ताव मारू लागले. राक्षसी पेंग्विन संपले, त्यात या नव्या वाटेकऱ्यांचा हात असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

(संगणकाच्या पडद्यावर हळूहळू फिरणारं पायाचं हाड.)

काइरुकूच्या हाडांचं त्रिमितीय स्कॅनिंग झालं, जगभरातल्या पेंग्विनांच्या हाडांशी ती ताडून पाहिली गेली. वेगळेपण पायांतच निघालं. जमिनीवर त्यांनी उंची दिली. पाण्यातला वेग आणि बुडीची खोली यांवरही कदाचित त्यांचा परिणाम होत असावा.