पहिलं कलम आणि सतरावं कलम

मित्रहो, २६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात एकंदर सतरा कलमं आहेत. पहिलं आपल्याला शाळेपासून माहीत आहे: माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात. शेवटचं, सतरावं कलम मात्र कुणी फारसं सांगत नाही. मालमत्तेचा हक्क पवित्र आहे, योग्य भरपाई आधी दिल्याशिवाय ती कुणाकडून काढून घेता येणार नाही, असं ते कलम म्हणतं. आज मला या दोन कलमांच्या भांडणाविषयी बोलायचं आहे.

हे भांडण जुनंच. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठीच राज्यसंस्था असते असं मांडलं, आणि ते न करणाऱ्या राजाला हटवायचा अधिकार लोकांना दिला. तोच लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारकही होता. एका माणसाचं स्वातंत्र्य ही दुसऱ्याची मालमत्ता असेल तर काय करायचं, याचं उत्तर त्याच्या ग्रंथात शोधण्यापेक्षा मी तुम्हाला कॅरिबियन समुद्रात घेऊन जातो.

सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती. फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. तिथे जवळजवळ पाच लाख गुलाम होते आणि गोरे तीस-चाळीस हजार. ऊस तोडला की रस लगेच काढावा लागतो, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. तिथे हंगामात चरक रात्रभर चाले. झोपेने पेंगणाऱ्या माणसाचा हात रुळांत सापडे, आणि त्याला सोडवायला तो हात तोडावा लागे. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, म्हणून आफ्रिकेतून जहाजं येतच राहत.

ऑगस्ट १७९१ मध्ये या लोकांनी उठाव केला आणि उत्तरेकडचे मळे पेटले. आता, हे सगळं पॅरिसच्या विचारवंतांची पुस्तकं वाचून झालं का? मला तसं वाटत नाही. त्यांतले बहुसंख्य लोक आफ्रिकेत जन्मलेले होते. स्वातंत्र्य म्हणजे काय हे त्यांनी स्वतः जगून पाहिलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८४७ साली मानवी हक्कांवर लिहिणारा टॉमस पेन वाचला, तेव्हा जातीचा जाच त्यांना पेनकडून समजून घ्यायचा नव्हता. पेनमुळे त्यांना त्या जाचाविरुद्ध वापरता येईल अशी भाषा मिळाली. सँ-दोमँगमध्येही तेच झालं. पॅरिसने स्वतःच उच्चारलेलं वाक्य पॅरिसला परत ऐकवता आलं.

आणि ते ऐकावं लागलं. क्रांती सरकारचा आयुक्त साँतोनाक्स याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर प्रांतातली गुलामगिरी रद्द केली. इंग्रज आणि स्पॅनिश दोघेही अंगावर आलेले, त्याला गुलामांच्या फौजेची निकड होती, हे खरं. पण त्या फर्मानाची सुरुवात त्याने पहिल्या कलमाने केली, आणि ते तिथल्या गुलामांच्या क्रेओल भाषेतही छापलं. पुढच्या फेब्रुवारीत बेटावरून निवडून आलेला झाँ-बातिस्त बेले पॅरिसच्या सभागृहात बसला. लहानपणी सेनेगलमधून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी त्या सभेने सगळ्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. मालकांना भरपाई म्हणून एक पैसाही दिला नाही. हा निर्णय मला त्या संपूर्ण क्रांतीतला सर्वांत उंच क्षण वाटतो. पॅरिसमधला बास्तीयचा तुरुंग पडला त्याहूनही उंच. कारण त्या दिवशी पहिल्या कलमाने सतराव्यावर मात केली.

ती टिकली नाही. १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर याला सैन्य देऊन बेटावर पाठवलं आणि १८०२ मध्ये वसाहतींतल्या गुलामगिरीला पुन्हा कायद्याचा आधार दिला. बेटावरच्या लोकांचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर हा स्वतः एकेकाळचा गुलाम. त्याला वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून पकडलं, आणि एप्रिल १८०३ मध्ये तो फ्रान्समधल्या थंडगार डोंगरी किल्ल्यात मेला. पण त्याचा सेनानी देसालीन याच्या सैन्याने फ्रेंचांना हरवलं, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झालं.

मग १८२५ साली फ्रान्सची लढाऊ जहाजं हैतीच्या बंदरासमोर उभी राहिली. स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर जुन्या मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई द्या, पंधरा कोटी फ्रँक. मळ्यांची किंमत ठरवताना त्यावरचे गुलामही जमेस धरलेले होते. पहिला हप्ता द्यायलाच हैतीला पॅरिसच्या सावकारांकडून तीन कोटींचं कर्ज काढावं लागलं, आणि दलाली कापून हातात आले दोन कोटी चाळीस लाख. पुढे १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, पण एक कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं, असं चालूच राहिलं. ज्यांचे बाप-आजे चरकावर राबले, ते कॉफी पिकवून त्यांचीच किंमत चुकवत होते. ही कर्जाची साखळी संपली १९४७ साली.